केकवरचा भूतकाळ

"बायकोवर पयल्यापासून जीव हाय, असं इंग्रजीत लिवा," लग्नाच्या वाढदिवसाला भिवाजींनी खालापुरातल्या केकवाल्याला सांगितलं. त्याच्या मोबाइलने दोन वाक्यं सुचवली. 'आय हॅव लव्ड यू' आणि 'आय यूज्ड टू लव्ह यू'. भिवाजींनी जास्त शब्दांचं निवडलं.

घरी सुनेने, सुरभीने, केक उघडला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, याचा अर्थ पूर्वी प्रेम करायचो, आता नाय करत!"

भिवाजींचा चेहरा पडला. ते सुरीने अक्षरं खरवडू लागले, तसा त्यांच्या बायकोने, बायजाने, त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या तसंच," ती लाजून सुनेला म्हणाली, "पूर्वी करायचे, ह्ये तरी मला आज कळलं गं!"