छबूबाईची होडी

"ही होडी न्हाई, चप्पल हाय," रंगनाथ म्हणाला.

छबूबाईनं मान वर केली नाही. तिच्या पुढ्यात तान्ह्या बाळापुरती गोधडी पसरलेली होती आणि तिच्या मधोमध लाल कापडाची होडी टाचण्या लावून बसवली होती.

"तुमी कदी बघितली होडी?"

"दौंडला, भीमेत. लई येळा."

"ती नदीतली. ही दर्याची हाय. हिचं नाक वर असतं. संस्कृतीनं दावलंय मला फोनमदी."

तिचा समुद्र तेवढाच होता, फोनमधला. लग्न होऊन हर्णैला गेल्यापासून संस्कृती रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि फोन पाण्याकडे वळवायची. पहिल्या दिवशी छबूबाईनं विचारलं होतं, "ह्याचा पलीकडचा काठ कुठं हाय?" संस्कृतीचा नवरा सहादेव मागून पोटभर हसला होता. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. कमी बोलणारा, निर्मळ माणूस. रंगनाथनं स्वतः वणवण करून त्याला शोधला होता आणि मांडवात उभं राहून लग्न लावून दिलं होतं. काष्टी गावातल्या लोकांनी तेव्हा नावं ठेवायची ती ठेवलीच. लोकांना दुसरं काम तरी काय असतं! छबूबाईनं तिकडं लक्ष दिलं नाही.

आता संस्कृतीला सातवा महिना लागला होता आणि छबूबाईला एकच घोर होता. पोरगी बाळंतपणाला इथं येईल का? शेवगावच्या विहीणबाईंनी, कडूबाईंनी, फोनवर सांगून टाकलं होतं, "बाळतपन आमच्याकडंच हुईल. तुमी काळजी करू नका." इतक्या गोड आवाजात सांगितलं, की भांडायचीही सोय ठेवली नाही.

"मग तुमी काय म्हनला?" चांगुणानं विचारलं. तिचा नवरा साखर कारखान्यात लागला म्हणून ती नेवाशाहून नुकतीच शेजारी भाड्यानं राहायला आली होती आणि गोधडी कुठवर आली ते बघायला रोज एक चक्कर टाकायची.

"काय म्हननार? त्यांचं बी खरंच हाय."

"असं कसं? पयलं बाळतपन माहेरीच असतं. तुमी लई मऊ हाय, मावशी."

छबूबाईनं दोरा ओवायला सुई तिच्याकडे दिली.

बाळाची गोधडी नव्या कापडाची करायची नसते. नवं कापड टोचतं. घरातल्या माणसांनी अंगावर वागवून मऊ केलेलं कापड लागतं, म्हणजे लेकरू सगळ्यांच्या कुशीत निजतं, असं छबूबाईचं म्हणणं. आतल्या थराला रंगनाथचं धोतर गेलं. वाळू झाली तिच्या स्वतःच्या पिवळ्या लुगड्याची. पाण्याला संस्कृतीची निळी साडी घेतली, धुणं घेऊन विहिरीवर जाताना ती नेसायची ती. सगळं अडलं शिडापाशी. शीड पांढरंच हवं होतं, आणि तसं कापड घरात एकच होतं. अमृतचा शर्ट.

अमृत त्यांचा मुलगा. चार वर्षांपूर्वी श्रीगोंद्याहून मोटरसायकलवर घरी येताना गेला.

छबूबाईनं शर्ट पेटीतून काढला, मांडीवर ठेवला आणि पुन्हा घडी घातली. दुसऱ्या दिवशीही तेच. कात्री लावली की पोरगा आणखी एकदा जाईल, असं तिला वाटत होतं.

रंगनाथ दारातून बघत होता.

"काप," तो म्हणाला. "पेटीत ठिवून कुनाच्या अंगाला लागनार हाय त्यो?"

एवढं बोलला आणि गाईला पाणी दाखवायचं निमित्त करून गोठ्यात गेला. बराच वेळ आला नाही. छबूबाईनं शर्ट कापला. रडली, आणि रडता रडताच शीड टाचलं. ते जरासं वाकडं बसलं. पण त्या वाकडेपणानंच होडीला वारं लागल्यासारखं दिसू लागलं, म्हणून तिनं ते उसवलं नाही.

त्याच आठवड्यात संस्कृतीचा फोन आला. या वेळी पाणी दाखवायला नाही.

"आई, मी तिकडंच येनार हाय. शेवगावला सांगितलंय तसं."

"त्या नाराज हुतील गं."

"झाल्या. मग म्हनल्या, जा बाई, तुजं मन तिथं हाय तर तिथं जा."

तव्यावरची भाकरी करपली. रंगनाथनं ती तक्रार न करता, वर आणखी अर्धी मागून खाल्ली.

रविवारी जीप दारात उभी राहिली. छबूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, संस्कृतीच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि मग सहादेवकडे वळली. "या पाव्हनं, दमला आसाल." रंगनाथ त्याला हातपाय धुवायला मोरीकडे घेऊन गेला. छबूबाई चहा टाकायला आत गेली. तिच्या पायांत जोर आला होता.

संस्कृती खाटेवर टेकली. गोधडी तिथंच होती. तिनं लाल होडीवरून हात फिरवला, वाळूवरून, पाण्यावरून. शिडापाशी हात थांबला. तिथला शिवणीबाहेर राहिलेला काठ तिनं दोन बोटांत धरला आणि डोळे मिटून घेतले.

चांगुणा उंबऱ्यात उभी होती. तिला या घरासाठी मनापासून बरं वाटत होतं.

"शेवगावच्या सासूबाईंनी सोडलं म्हनायचं एकदाचं," ती म्हणाली. "बरं केलंस बाई. पयलटकरनीला आईच पायजे."

संस्कृतीनं डोळे उघडले.

"शेवगावला हाय ती माझी आई, ताई," ती म्हणाली. "ह्या घरात मी सून म्हनून आल्ते."