काळं अमृत

शेजारचे निवृत्त प्राचार्य गांडूळखताच्या डब्यातून झिरपणारं काळं पाणी बाटल्यांत भरत आणि न मागता इमारतभर वाटत. मी भीतभीत म्हटलं, "सर, पुस्तकात ते पातळ करून घालायला सांगितलंय, बहुतेक."

"अहो, पुस्तकं वाचून झाडं वाढत नसतात! माझ्या कुंड्या बघा!"

कुंड्या खरोखर बहरलेल्या होत्या. नेहमीसारखा मीच चुकत असेन, म्हणून बी रुजवून चार वर्षं वाढवलेल्या माझ्या लिंबाला अख्खी बाटली ओतली. आठवड्यात पानं करपून गळाली. माझं काय चुकलं, हे विचारायला कुंडी उचलून त्यांच्या दारात गेलो. सर बाहेर गेले होते. त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.


"अगंबाई, खरंच झाडाला घातलंत? मी तर ह्यांची पाठ वळली की ते मोरीत ओतते आणि कुंड्यांना नळाचं पाणी घालते!"