काढायचा राहिलेला फोटो

“दोनपैकी एकच विकायला काढायचा आहे, काका. कोणता, ते तुम्ही ठरवा,” असं म्हणत स्वानंदने दोन्ही कॅमेरे टेबलावर ठेवले.

देवराव खुर्चीच्या कडेवर बसले होते. सकाळच्या बसने ते खाप्याहून आले होते. मुलीने फोनवर तुमचा फोटो असलेली कॅमेऱ्याची जाहिरात दाखवली, म्हणून आलो, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. त्रिमूर्तीनगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर कूलर जोरात घरघरत होता, तरी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा सोडायचं त्यांना सुचलं नव्हतं.

हा माणूस रेंजफाइंडर कॅमेरा घेणार, हे काही स्वानंदच्या पचनी पडेना. सारं जग मोबाइलवर भागवतं. त्यातून हा कॅमेरा म्हणजे जुन्या वळणाच्या सासूसारखा, आपणहून काही करायचा नाही. फोकससुद्धा हातानेच जुळवावा लागतो.

“याआधी कोणता वापरला?”

“कोनताच नाही. मले एकच फोटो काढाचा आहे.”

“कोणाचा?”

“माह्या बायकोचा. रुख्मिणीचा.”

स्वानंदला हसू आलं. “एका फोटोसाठी एवढा कॅमेरा? मी येतो ना खाप्याला. मीच काढून देतो.”

“नाही. तो मलेच काढा लागते.” देवराव हे अगदी सावकाश बोलले. “तिले फोटोचा भारी कंटाळा. कोनी कॅमेरा धरला का पदर तोंडावर. लग्नातले दोन-चार आहेत, ते सांभाळून ठेवले. हा तेवढा एक राहिला.”

स्वानंद चटकन विरघळला. तसा तो व्यवहाराला पक्का होता, आणि दोन्हीतला अधिक झिजलेला कॅमेरा कोणाच्या तरी गळ्यात मारावा, असा त्याचा मनातला बेत होता. पण एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही बायकोच्या एका फोटोसाठी उन्हातान्हात बस पकडून येणारा माणूस पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. यांना चांगलाच द्यायचा, असं त्याने ठरवलं.

“मग हा काळा घ्या. याचं फोकस चोख आहे. या खिडकीतून माझ्याकडे पाहा. मधल्या चौकोनात माझी दोन तोंडं दिसतील. ही रिंग फिरवली की दोन्ही एकावर एक येतात.”

देवरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. विणकराच्या घरातली बोटं ती, घाई न करता रिंग फिरवत राहिली.

“जुळलं?”

“जुळलं,” देवराव म्हणाले. “आता बरोबर तुमीच दिसून राहिले.”

त्यांनी बराच वेळ कॅमेरा खाली घेतला नाही. नवशिक्याचं असंच होतं, म्हणून स्वानंदनेही घाई केली नाही.

“अन् हा दुसरा?”

“हा माझा रोजचा होता. हाल हाल केलेत मी याचे. मागच्या वर्षी हातातून पडला, तेव्हापासून फोकसही थोडं सरकलंय. तुम्हाला नको तो.”

“वाडीले होता तो हाच काय?”

“वाडीला?”

“तुमाले पाह्यलं होतं तिथं एकदा. अमरावती रोडवर. गळ्यात कॅमेरा होता.”

स्वानंदची कळी खुलली. आपल्याला कोणीतरी ओळखलं, याचा आनंद त्याला लपवता येत नसे. “म्हणजे तुम्ही मला काम करताना पाहिलंय! हो, ट्रकवाल्यांचे फोटो काढायला जायचो मी तिकडे. हाच असायचा. याची गंमत सांगू? आवाजच करत नाही. समोरच्याला कळायच्या आत फोटो झालेला असतो. माणूस सावध झाला ना काका, की चेहरा खोटा होतो.”

“खरं आहे,” देवराव म्हणाले. “अन् ते फोटो राहते कुठं?”

“कार्डावर. पण याला कार्ड नसलं तरी चालतं, आतच मेमरी आहे. माझे कितीतरी जुने फोटो पडून आहेत त्यात, कधी उतरवून घ्यायचं जमलंच नाही. विकायच्या आधी पुसून टाकीन सगळे.”

“आता पुसू नका. मले पाहू द्या.”

आपले फोटो कोणी मागून पाहावेत, याहून स्वानंदला आणखी काय हवं होतं? बघायचं बटण दाखवून तो चहा टाकायला आत गेला. दोन कप घेऊन आला तेव्हा देवराव अंगठ्याने एकेक फोटो पुढे सरकवत होते. स्वानंद त्यांच्या मागे उभा राहून सांगू लागला. हा गोदामातला हमाल, हा टपरीवाला, हे ट्रकखाली झोपलेले दोघे. देवराव कशावरच रेंगाळले नाहीत.

मग त्यांचा अंगठा थांबला.

“मले हाच द्या,” ते म्हणाले.

“अहो काका, ऐका माझं. एकच फोटो काढायचाय ना तुम्हाला? याच्यावर काकू धुरकट येतील. तो काळा घ्या, जो भाव म्हणाल तो देतो.”

“काळ्यात नाही होत ते काम.”

“पण का?”

देवरावांनी कॅमेऱ्याची मागची बाजू त्याच्याकडे वळवली. पडद्यावर अमरावती रोडवरचं दुपारचं ऊन होतं. एक स्कूटी आडवी पडली होती आणि तिच्याखाली अडकलेले देवराव सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होते. त्यांच्यापुढे डांबरावर एक बाई पडली होती. तिच्या तोंडावर पदर नव्हता, आणि फोटो काढणाऱ्याकडे तिने एक हात उचलला होता.

“ही रुख्मिणी,” देवराव म्हणाले. “हा याच्यातून काढाचा आहे. कोनतं बटन दाबू?”