पाचपैकी पाच

"मॅडम, कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या वृद्धाश्रमात कागदाचा कपटासुद्धा शोधून सापडायचा नाही!" सचिव खांबेटे छाती फुगवून म्हणाले.

संस्थांचा डिजिटल कारभार तपासायला आलेली मुलगी हसली. "काका, खरं तेच सांगा. जिथं गुण कमी, तिथं आम्ही संगणक देतो, वर्षभर शिकवायला माणूसही पाठवतो."

खांबेट्यांच्या कानात ते शिरलंच नाही. समोरच्या अनाथालयाच्या कुमुदिनीबाईंना पाचपैकी चार मिळाले होते आणि बाईंनी ते प्रमाणपत्र मुद्दाम रस्त्याकडच्या खिडकीत टांगलं होतं. तेव्हापासून खांबेट्यांना चहासुद्धा कडू लागत होता.

"आमच्या नव्वदीच्या आज्या गोळ्यांच्या वेळा टॅबवर नोंदवतात," ते म्हणाले. "गोदाक्का तर डॉक्टरांशी त्यावरच भांडतात. परवा त्यांना शिंक यायच्या आधीच टॅबनं काढा सुचवला!"

मुलीचं बोट मोबाइलवरच्या 'पाच'पाशी आलं. खांबेट्यांनी समोरच्या खिडकीकडे विजयी नजर टाकली.

कोपऱ्यात मेथी निवडणाऱ्या गोदाक्कांनी मान वर केली. "अहो सचिव, टॅब म्हणजे मांजर येतं म्हणून तुम्ही दुधावर झाकायला दिलीत, तीच ना ती काळी पाटी?"