साहेबांच्या सीटचा पट्टा

कात्री ताटात होती, नारळ होता, कुंकवाची वाटी होती. फक्त कापायचा पट्टा जागेवर नव्हता. तो तानबाच्या छातीवर आवळलेला होता आणि तानबा जीपमधून उतरायला तयार नव्हता. त्यातही तो बसला होता डाव्या सीटवर, म्हणजे खुद्द ठाणेदारांच्या जागेवर. वीस वर्षं मुकाट गाडी हाकणाऱ्या पोलीस ड्रायव्हरनं असं काही केलेलं नाक्यावर कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं.

ही २००४ सालची गोष्ट. सीट बेल्टच्या मोहिमेसाठी ठाण्याला सरकारी अनुदान आलं होतं. त्यात मंडप बसत होता, बॅनर, पत्रकं, भोंगा, पाहुण्यांचा चहा-चिवडासुद्धा बसत होता. पुढचा हप्ता हवा असेल तर उद्घाटनाचा फोटो आणि पेपरातलं कात्रण वर्ध्याला पाठवायचं होतं. आता लाल फितीचा फोटो कोणता पेपर छापतो? म्हणून ठाणेदार श्रीनिवास पटवर्धनांनी डोकं लढवलं. फितीऐवजी सीट बेल्टच कापायचा! पट्टा लावा म्हणून सांगायच्या मोहिमेची सुरुवात पट्टा कापून होतेय, हे मंडपातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. उलट सगळ्यांनी वाहवा केली. पट्टा हाताशी होताच. साहेबांच्या सीटचा. साहेब तो कधी लावत नसत.

नत्थू शिपाई तो कापून आणायला ब्लेड घेऊन जीपकडे निघाला, तेव्हा तानबा धावला. नत्थूच्या आधी पोचला, आत बसला आणि पट्टा लावून घेतला.

“तानबा, उतर!” ठाणेदार दबक्या आवाजात ओरडले. मागे प्रमुख पाहुणे उभे होते, व्यापारी संघाचे अध्यक्ष मोतीलालजी. “माझ्या सीटवर बसतोस? सरकारी मालमत्ता आहे ती!”

“गाडी सरकारची हाये साहेब. पट्टा माह्या पैशाचा हाये.”

खरंच होतं. जीप एक्क्याण्णव सालची. तिला पट्टे नव्हते आणि इतक्या जुन्या गाडीला कायद्यानं ते लागतही नव्हते. तीन वर्षांपूर्वी रोहण्याच्या वळणावर एक गोऱ्हा अचानक आडवा आला. तानबानं ब्रेक मारला. त्याच्या हातात स्टिअरिंग होतं, तो वाचला. शेजारी बसलेले किसनराव, तेव्हाचे ठाणेदार, काचेतून बाहेर फेकले गेले आणि जागीच संपले. गाडीचा वेग चाळीसही नव्हता. चौकशीत तानबाचा दोष निघाला नाही. पण किसनरावांच्या बायकोसमोर त्याला मान वर करता आली नाही, ती आजतागायत. त्या दिवाळीला त्यानं घरात कपडे घेतले नाहीत. भंगारातल्या मोटारीचे दोन पट्टे आणले आणि सेलूच्या मिस्त्रीकडून जीपला बसवून घेतले. आधी डावीकडचा, मग स्वतःचा.

हे सगळं पटवर्धनांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

“तुला कळतंय का? फोटो गेला नाही तर पुढचं अनुदान बुडेल!”

“बुडू द्या!” तानबाचा आवाज चढला. मोहिमेसाठी अडवून ठेवलेल्या गाड्यांतून माणसं उतरून बघायला लागली. “अनुदानात मंडप हाये, भोंगा हाये, चिवडा हाये. मंग एक पट्टा काऊन नाई? फोटोसाठी जो हाये तोबी कापून राह्यले तुम्ही! कापाचाच असंन त माह्यासकट कापा.”

कुणी हसलं नाही. तानबानं छातीवरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं साहेब म्हणतील ती दिशा त्यानं पूर्व मानली होती. आज नाही म्हणजे नाही. मोतीलालजींनी उचललेली कात्री गुपचूप परत ताटात ठेवली. मग नत्थू धावत जाऊन जनरल स्टोअरमधून हातभर लाल फीत घेऊन आला. ती कापली गेली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. त्या फोटोत ठाणेदारांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा आला.

कार्यक्रम आटोपताच ते तरातरा जीपपाशी आले.

“चल वर्ध्याला. एसपी साहेबांसमोर उभा करतो तुला. आज सस्पेंड नाही केलं तर नावाचा पटवर्धन नाही.”

ठाण्यात दुसरी गाडी नव्हती, दुसरा ड्रायव्हरही नव्हता. म्हणजे स्वतःच्या निलंबनाला तानबानंच साहेबांना घेऊन जायचं होतं. त्यानं पट्टा सोडला, खाली उतरला आणि साहेबांसाठी अदबीनं वाट करून दिली. साहेब बसले. तानबा वळसा घालून आपल्या जागी आला, स्वतःचा पट्टा लावला आणि किल्ली मुठीत धरून तसाच बसून राहिला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना गाड्या उभ्या होत्या. सगळे ड्रायव्हर बघत होते. पेपरवाल्यानं कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

“काय झालं? चालव ना!” साहेब खेकसले.

तानबानं डावीकडचा पट्टा ओढून साहेबांच्या हातात दिला.

“हा लावा साहेब. मले सस्पेंड कराले तुम्ही वर्ध्याले जिते पोचाले पायजे.”