फणी

"नोज," जोवेलिनने स्वतःच्या नाकावर बोट टेकवलं.

वर्ग गप्प.

"इअर." कान धरला.

गप्प. मुलं हसऱ्या चेहऱ्याची होती, शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली होती, आणि दगडासारखी गप्प होती.

दाराशी मुख्याध्यापिका प्रानीबाई उभ्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल त्या सावकाश फिरवत होत्या. विचार करताना ती त्यांची सवय असावी. सकाळीच त्यांनी इंग्रजीत बजावलं होतं, "फिलिपिन्सहून थायलंडला आलीस, चांगलं झालं. पण शिकाऊ बाया मला पुष्कळ मिळतात. आज मुलं बोलली तर वर्ग तुझा. नाहीतर उद्यापासून बालवाडीत गाद्या घालायच्या." मग जाता जाता, "आणि इथे डोकं पवित्र मानतात, कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. लहान असो, मोठा असो."

डोकं.

"हेड," जोवेलिन म्हणाली. हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवला.

आणि वर्ग फुटला. सगळे मागे वळून खिदळायला लागले. शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून, एक मुलगी एकटीच बसली होती. शेजारची जागा रिकामी. पुढचा बाकही रिकामा.

"मोतचं डोकं शिकवा, बाई!" तोन नावाचा पोरगा ओरडला. "त्यात अख्खं गाव राहतं!"

जोवेलिनची थाई मोडकीतोडकी. पण मोतची बोटं केसांत गेली, आणि सगळे बघतायत म्हणून तशीच थांबली. त्यातून कळायचं ते कळलं.

घंटा झाली. प्रानीबाईंनी पेन्सिल एकदा जोरात फिरवली आणि निघून गेल्या.

जेवणाची सुट्टी. शाळा लाकडी खांबांवर उभी, तिच्या पोटाखाली गार सावली. मुलं चिकट भाताचे मुटके वळून खात होती. मोत एका खांबाआड.

जोवेलिनच्या पिशवीत फणी होती. घरून निघताना आईने कोंबलेली. "पोरांत जातेस ना, लागेल." तिच्या गावी दुपार म्हणजे पायरीवर ओळीने बसून एकमेकींच्या उवा काढायच्या आणि जगाच्या उखाळ्यापाखाळ्या.

पण इथे? डोकं?

काल बाजारात तिने एक न्हावी पाहिला होता. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या केसांना हात घालण्याआधी त्याने हात जोडले होते.

ती मोतसमोर गुडघ्यांवर बसली. हात जोडले. "माफ कर हं," असं थाईत म्हणाली.

बाईने पोरीपुढे हात जोडलेले कुणी पाहिले नव्हते. मुटके हातातच राहिले.

मोत तिच्याकडे बघत राहिली. मग पुढे सरकली आणि डोकं तिच्या मांडीवर टेकवलं.

फणी फिरली. नखावर नख. टच्.

फणी कानाजवळून गेली.

"इअर," मोत पुटपुटली.

मानेवरून गेली. "नेक," जोवेलिन म्हणाली.

"नेक," मोत म्हणाली.

"नेक," मागून कुणीतरी म्हणालं. तोन. मग त्याच्या मागून आणखी कुणी. मग सगळेच.

"हा कसला बाजार?" प्रानीबाई. त्यांच्यासमोर मुलांची रांग, प्रत्येकाची मान खाली.

"आमचंपण बघतायत, बाई," तोन म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर केस कुठेत रे टकल्या? ऊ काय छत्री घेऊन बसेल?"

"पण मला हेड येतं, बाई! नेकपण!"

"दात घासायला पळा. सगळे!"

सगळे नळाकडे पळाले. मोतही. तिच्या पुढे एक होती, मागे एक होता.

जोवेलिन उठली. फणी मुठीत घट्ट. "बाई, तुम्ही सांगूनही मी डोक्याला हात लावला. उद्यापासून बालवाडीत जाते."

प्रानीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. नळाशी गोंगाट. इथे कुणी नाही.

त्या खालच्या पायरीवर बसल्या. जोवेलिनकडे पाठ करून. अंबाड्यातली पेन्सिल ओढून काढली. केस पाठीवर सुटले.

"उद्याही फणी आण," त्या हळूच म्हणाल्या. "एका दिवसात निघायच्या नाहीत. मोतला मी मागच्या बाकावर बसवलं, त्याच्याही आधीच्या आहेत."