यंदाची गोळी

"ही गोळी हाये, त मंग माह्या बाईले काऊन नाही देली?" दुलारीने विचारले. "निघाली कधी हे?"

तिच्या खुर्चीमागे तिचा जिजा, नंदलाल, उभा होता.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर रश्मी मघापासून समजावत होत्या. दुलारीचा कॅन्सर फुप्फुसाचाच आहे, पण दिवस पूर्वीचे राहिले नाहीत. पूर्वी फार थोडे रोगी दुसरे वर्ष पाहत. आता गोळी जुळली तर कित्येक जण चार-पाच वर्षे काढतात, कोणी त्याहूनही जास्त. मात्र गोळी जुळते का हे कळायला सुईने छातीतला तुकडा काढावा लागेल.

सुईचेच तर भांडण होते. मोहोळाला काडी लावली की माश्या अंगभर उठतात, कॅन्सरचेही तसेच, असे दुलारी म्हणायची. सात वर्षांपूर्वी नागपुरात असेच म्हणून तिने थोरल्या बहिणीला, तिच्या 'बाई'ला, म्हणजे नंदलालच्या बायकोला शामकलाला, टेबलावरून ओढून गोंदियाजवळच्या गोरेगावला परत आणले होते. चार महिन्यांत शामकला गेली. आज मोटारसायकलवर येतानाही तिने टोमणा मारला होता, "काऊन जिजा, बाईले एकटीले करमत नाही म्हनून मले पाठवून राहिले का?"

आता ती खुर्चीचा हात धरून अर्धी उठली होती. एकदा गेली की ती परत येणार नव्हती.

"तशी ही गोळी बरीच..." डॉक्टर बोलू लागल्या.

"यंदाच निघाली," नंदलाल म्हणाला. "नाही का, मॅडम?"

दुलारीच्या पाठीमागे त्याने हात जोडले. डॉक्टरांनी त्या हातांकडे पाहिले.

"हो," त्या म्हणाल्या. "यंदाच."

दुलारी हळूहळू खाली बसली.

"बाईचं नशीब," ती म्हणाली. मग पदराने तोंड पुसले. "लावा मंग सुई. पन जिजाले बाहेर पाठवा. रडतेत ते."

नंदलाल बाहेर येऊन बाकावर बसला. आतून दार लागले.

नागपूरच्या डॉक्टरने याच गोळीचे नाव त्याला सात वर्षांपूर्वी, शामकलाला परत आणल्यावर बऱ्याच दिवसांनी, फोनवर सांगितले होते, पण तेव्हा शामकलाच्या अंगात सुई सोसण्याचा जीव उरला नव्हता. खाटेवर पडल्या पडल्या तिने सगळे ऐकले होते, आणि त्याचा हात धरून एवढेच म्हणाली होती, "दुलारीले कधीच सांगू नोका."